घरातील कचेरी आणि मधल्या वेळचे खाणे

आहाराचा विचार करताना 'काय खावे' या प्रश्नास जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे 'केव्हा, कोठे बसून आणि किती खावे' या प्रश्नास सहसा दिले जात नाही. वस्तुतः मनुष्याचे खाणे केवळ त्याच्या भुकेवर किंवा त्याच्या ज्ञानावर अवलंबून नसते. त्याच्या दिवसाची जी एक घडी बसलेली असते, तिच्यावरही ते फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. ही घडी नीट असेपर्यंत तिचे कार्य लक्षात येत नाही. ती विसकटली म्हणजे मगच तिचे महत्त्व कळून येते. शहरांतील बैठे काम करणाऱ्या वर्गाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत असेच घडले आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुण्या-मुंबईतील असंख्य कचेऱ्या एकाएकी घराघरांत येऊन बसल्या. साथ ओसरल्यावर अनेकजण कचेरीत परतले. तथापि घरून काम करण्याची पद्धती पूर्णपणे नाहीशी झाली नाही. काहींच्या बाबतीत ती संपूर्ण आठवडाभर, तर काहींच्या बाबतीत आठवड्यातील दोन-तीन दिवस चालू राहिली आहे. घरचे ताजे अन्न, प्रवासाची दगदग नाही, बाहेरचे वडे-भजी नाहीत. तेव्हा या पद्धतीने आहार सुधारावा, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. परंतु घरून काम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार याच्या उलट असते. दिवसभर काही ना काही तोंडात पडत राहते, जेवणाची वेळ टळते आणि कंबरेचा घेर वाढतो, असे ते सांगतात. ही तक्रार केवळ मनोनिग्रहाच्या अभावाने उद्भवते असे मानणे सोपे असले, तरी ते पुरेसे नाही. तिची कारणे दिनक्रमाच्या रचनेत शोधावी लागतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घरी बसून काम करणे महाराष्ट्राला मुळीच नवीन नाही. सोलापुरातील विड्या वळणाऱ्या स्त्रिया, किंवा १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी सुरू केलेल्या 'लिज्जत'च्या संस्थेसाठी पापड लाटणाऱ्या स्त्रिया घराच्या उंबरठ्याआतच आपली मजुरी मिळवीत आल्या आहेत. परंतु विडीच्या तंबाखूत किंवा पापडाच्या पिठात गुंतलेले हात सहजासहजी तोंडाकडे जाऊ शकत नाहीत, आणि नगावर मजुरी मिळत असल्याने हात थांबला की कमाई थांबते. संगणकासमोर बसणाऱ्याचा एक हात मात्र बहुधा मोकळा असतो. त्यातून बैठकीत केवळ ऐकण्याचेच काम असले, तर दोन्ही हात मोकळे असतात. तेव्हा प्रश्न घराचा नसून, विशिष्ट प्रकारच्या कामाचा आणि त्या कामाला घरात मिळालेल्या जागेचा आहे.

डब्याचे तीन गुण

कचेरीच्या दिवसाला जी शिस्त होती, तिचे सर्वांत बोलके प्रतीक म्हणजे डबा. मुंबईत १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी डबे पोचविण्याची जी व्यवस्था सुरू केली, तिची ख्याती पुढे जगभर पसरली. डब्याचे श्रेय सामान्यतः 'घरचे अन्न' या एका गुणास दिले जाते. परंतु आहाराच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात आणखी तीन गुण होते, आणि ते अन्नाच्या चवीइतकेच महत्त्वाचे होते.

पहिला गुण मापाचा. डब्याच्या कप्प्यात मावेल तेवढीच भाजी, मावतील तेवढ्याच पोळ्या आणि वरच्या कप्प्यात बसेल तेवढाच भात. हे माप सकाळी, भूक लागण्यापूर्वी आणि शांत चित्ताने ठरत असे. डबा रिकामा झाला की जेवण संपले. आणखी वाढून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. दुसरा गुण वेळेचा. मधली सुटी ठरलेली असे, सोबतची मंडळी त्याच वेळी डबे उघडीत आणि सुटी संपली की डबा बंद होई. तिसरा गुण अंतराचा. कचेरीतील मेज आणि घरातील फडताळ यांच्यामध्ये काही मैलांचे अंतर होते. चिवड्याची आठवण आली तरी चिवडा हाताशी नव्हता.

घरातून काम सुरू होताच हे तिन्ही गुण एकदम नाहीसे झाले. अन्न घरचेच राहिले. माप, वेळ आणि अंतर मात्र गेले. ही तीन बंधने पुन्हा कशी निर्माण करावयाची, हाच घरून काम करणाऱ्याच्या आहाराचा मुख्य प्रश्न होय.

श्रम घटले तरी भूक घटत नाही

यावर असा आक्षेप घेता येईल की, शरीराला स्वतःची गरज कळते. श्रम कमी झाले तर भूकही आपोआप कमी होईल आणि बाह्य बंधनांची आवश्यकता राहणार नाही. या समजुतीची परीक्षा भारतातच झालेली आहे. झाँ मायेर या शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप यांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९५६ साली प्रसिद्ध केले. हलक्या कामापासून अतिशय जड कामापर्यंत श्रम जसजसे वाढत गेले, तसतसा आहारही वाढत गेला आणि वजन जवळजवळ सारखे राहिले. येथपर्यंत भुकेने आपले काम चोख बजावले होते. परंतु जे लोक दिवसभर एका जागी बसून असत, त्यांच्या बाबतीत हा नियम मोडला. त्यांचे श्रम सर्वांत कमी असूनही त्यांचा आहार कमी नव्हता. उलट तो हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त होता आणि त्यांचे वजनही सर्वांत अधिक होते.

एका गिरणीतील निरीक्षणावरून सार्वत्रिक नियम काढणे योग्य नव्हे, हे खरे. तथापि पुढील काळातील प्रयोगांनी या निरीक्षणास बळकटीच दिली. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा पुरुषांची हालचाल सात दिवस मुद्दाम कमी ठेवण्यात आली आणि त्यांना हवे तेवढे खाण्याची मुभा देण्यात आली. हालचाल घटली, पण खाणे त्या प्रमाणात घटले नाही. उरलेली ऊर्जा बहुतांशी चरबीच्या रूपाने शरीरात साठली. याचा अर्थ असा की, भूक ही श्रम करणाऱ्या शरीराची विश्वासू मार्गदर्शक असली, तरी अत्यंत बैठ्या शरीराच्या बाबतीत तिच्यावर एकटीवर विसंबून राहता येत नाही.

यास आकड्यांची जोड देता येईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला सुमारे २११० उष्मांक लागतात, तर मध्यम श्रम करणाऱ्यास २७१०. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे १६६० आणि २१३० असे आहेत. (येथे उष्मांक म्हणजे किलोकॅलरी असे समजावे.) कचेरीत जाणारा कारकूनही बैठ्या वर्गातच मोडतो, परंतु स्टेशनपर्यंत चालणे, पुलाचे जिने चढणे, गाडीत उभे राहणे आणि परत येणे यांत त्याचा काही श्रम होतच असे. एक तास साधारण वेगाने चालण्यास ६५ किलो वजनाच्या मनुष्याला विश्रांतीच्या अवस्थेपेक्षा सुमारे १५० उष्मांक अधिक लागतात. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम फरसाणात जवळपास तेवढेच उष्मांक असतात. प्रवास वाचला आणि फरसाणाची मूठ वाढली, तर हिशेब दोन्ही बाजूंनी बिघडतो.

भारतीय देहाची विशेष स्थिती

हा हिशेब थोडासा बिघडल्याने काय होणार, असे एखाद्या सडपातळ माणसास वाटण्याचा संभव आहे. पण या बाबतीत पुण्यात झालेले संशोधन सावध करणारे आहे. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीरांची मोजमापे 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के आढळले. वजनकाट्यावर समान दिसणारे दोन देह आतून किती भिन्न असू शकतात, याचे हे उदाहरण प्रसिद्ध आहे. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती आढळते आणि तीच पुढे मधुमेहास पोषक ठरते. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने सुचविलेल्या मर्यादांमध्ये निर्देशांक २३ झाल्यावरच वजन अधिक समजावे, आणि कंबरेचा घेर पुरुषांच्या बाबतीत ९० सेंटिमीटर व स्त्रियांच्या बाबतीत ८० सेंटिमीटर यांपलीकडे जाऊ देऊ नये, असे म्हटले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह असून आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रोग्यांची संख्या १० कोटींहून अधिक भरते. तेव्हा मधल्या वेळचे खाणे ही क्षुल्लक बाब नसून, उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे पाऊल कोणत्या दिशेने पडावे हे ठरविणाऱ्या अनेक लहान गोष्टींपैकी ती एक आहे.

वेळ : भूक आणि तोंडाचा चाळा

मराठीत भूक आणि वखवख असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि नुसतेच काहीतरी चघळत राहण्यास 'तोंडाला चाळा' असे म्हणण्याची पद्धत आहे. हे भेद शास्त्रीयदृष्ट्याही अर्थपूर्ण आहेत. भूक हळूहळू वाढते, ती भाकरी-भाजीनेही भागते आणि पोट भरल्यावर शमते. वखवख एकाएकी येते, तिला बहुधा एखादा ठरावीक खारट, गोड किंवा तळलेलाच पदार्थ हवा असतो आणि पोट भरलेले असतानाही ती उद्भवू शकते. चाळ्याला तर पदार्थाची चवही फारशी लागत नाही. कंटाळा, ताण किंवा कामातील अडचण हे त्याचे खरे कारण असते. कचेरीत असा क्षण आला की मनुष्य शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत असे किंवा वऱ्हांड्यात फेरी मारून येत असे. घरी एकटा बसलेला मनुष्य त्याच क्षणी स्वयंपाकघराकडे वळतो.

पूर्वीचे खाणे पचण्यापूर्वीच पुन्हा खाणे यास आयुर्वेदात 'अध्यशन' आणि अवेळी किंवा कमीअधिक खाणे यास 'विषमाशन' अशा संज्ञा असून, ही दोन्ही रोगाची कारणे मानलेली आहेत. आधुनिक शरीरशास्त्राची उपपत्ती निराळी असली, तरी व्यवहारातील सल्ला फारसा वेगळा नाही. दर तासाला थोडे थोडे गोड किंवा पिष्टमय खात राहिल्यास रक्तातील साखर आणि इन्सुलिन यांना खाली येण्यास पुरेसा अवधी मिळत नाही, आणि दिवसभरात एकूण किती खाल्ले याचा अंदाजही राहत नाही.

अंदाज न राहण्याचे दुसरे कारण म्हणजे लक्ष विचलित असणे. या विषयावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या कशात तरी मन गुंतलेले असताना खाल्ल्यास त्या वेळचे खाणे वाढते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या खेपेचे खाणे आणखीच वाढते, असे त्यावरून दिसून आले. कारण जे खाल्ले त्याची स्मृती नीट उमटत नाही, आणि तृप्ती ही पोटाइतकीच स्मृतीवरही अवलंबून असते. संगणकाच्या पडद्याकडे पाहत उरकलेले जेवण पोटात जाते खरे, पण मनाच्या हिशेबात ते धरले जात नाही.

वेळेच्या संदर्भात चहाचा विचार वेगळा केला पाहिजे, कारण घरी चहाला सुटीची वाट पाहावी लागत नाही. दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर घातलेले पाच कप चहा दिवसात झाले, तर एकट्या साखरेचे २०० उष्मांक होतात. वरून मिसळलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. २००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे अवघी २५ ग्रॅम साखर होय. पाच कप चहातील ५० ग्रॅम साखर ही मर्यादा दुपटीने ओलांडते. सोबतची बिस्किटे निराळीच. शिवाय चहातील द्रव्ये अन्नातील लोहाच्या शोषणास अडथळा करीत असल्याने जेवणाच्या आधी व नंतर सुमारे एक तास चहा टाळावा, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नमूद आहे. तेव्हा स्त्रियांच्या बाबतीत ही सूचना विशेष महत्त्वाची ठरते.

माप : पदार्थाची निवड आणि वाटी

मधल्या वेळचे खाणे मुळातच वाईट, असा निष्कर्ष यावरून काढू नये. दुपारचे जेवण एकला आणि रात्रीचे नऊला होत असेल, तर चार-पाचच्या सुमारास काही खाणे युक्तच आहे. अन्यथा रात्रीचे जेवण अवाजवी होते. प्रश्न असतो तो निवडीचा आणि मापाचा.

चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे हे पदार्थ महाराष्ट्राच्या जेवणपरंपरेत मानाचे आहेत. परंतु यांपैकी पुष्कळसे पदार्थ पूर्वी दिवाळीसारख्या सणाला, कष्टाने आणि मोजके केले जात. बाजारातील पिशव्यांनी त्यांना बारमाही केले. पदार्थ तेच राहिले, पण त्यांच्याभोवतीची मर्यादा गेली. तळलेल्या शेव-फरसाणात १०० ग्रॅममागे ५०० ते ५५० उष्मांक असतात आणि मीठही भरपूर असते. याउलट तेवढ्याच फुटाण्यांत सुमारे ३७० उष्मांक असून प्रथिने २० ग्रॅमच्या वर असतात, आणि ते चावण्यास वेळ लागत असल्यामुळे तृप्तीही लवकर होते. भाजलेल्या शेंगदाण्यांचे उष्मांक ५७० च्या घरात जातात. पण त्यांत प्रथिने आणि चांगले स्निग्धांश असल्याने एक लहान मूठ पुरेशी होते. कुरमुरे हलके असले तरी जवळजवळ निव्वळ पिष्टमय असतात. त्यांत फुटाणे, कांदा, टोमॅटो व मोड आलेली मटकी मिसळली, तर साधी सुकी भेळही समाधानकारक उपाहार ठरते. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये 'क' जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम असते आणि चोथाही पुष्कळ असतो. ताकात उष्मांक अत्यल्प असून तहान भागते. अनेकदा भूक म्हणून जे जाणवते, ते ताकाने किंवा पाण्याने शमते.

कारखान्यात तयार होणाऱ्या अतिप्रक्रियित पदार्थांविषयी मात्र विशेष सावध राहावे लागते. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना चार आठवडे संस्थेतच ठेवून केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकास दोन आठवडे अतिप्रक्रियित आणि दोन आठवडे साधा, कमी प्रक्रिया केलेला आहार हवा तेवढा देण्यात आला. दोन्ही आहारांत पुढे ठेवलेले उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश आणि चोथा यांचे प्रमाण सारखे होते; तरीही अतिप्रक्रियित आहारावर असताना त्याच व्यक्तींनी दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अधिक खाल्ले. तेव्हा बिस्किटांचा पुडा संपेपर्यंत हात थांबत नसेल, तर दोष सर्वस्वी हाताचा नसतो, पदार्थाच्या घडणीचाही असतो.

मापाचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाटी. कोणताही पदार्थ डब्यातून किंवा पिशवीतून थेट न खाता लहान वाटीत काढून घ्यावा आणि डबा बंद करून जागेवर ठेवावा. मगच खाण्यास बसावे. वाटीला तळ असतो आणि तो दिसतो. पिशवीचा तळ बहुधा शेवटीच दिसतो.

अंतर : मेज आणि फडताळ

हाताशी असलेला पदार्थ अधिक खाल्ला जातो, हे अनुभवाने सर्वांस ठाऊक आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोळ्यांचे वाडगे काही जणांपुढे २० सेंटिमीटरवर, तर काही जणांपुढे ७० सेंटिमीटरवर ठेवण्यात आले. दूरच्या वाडग्यातून कमी खाल्ले गेले. अवघ्या हातभर अंतराने हा फरक पडला. या क्षेत्रातील सर्वच संशोधन मात्र सारखे विश्वसनीय नाही. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेचे बरेच गाजलेले निबंध सदोष ठरून २०१८ च्या सुमारास मागे घेण्यात आले. म्हणून प्लेटच्या रंगासारख्या चमत्कृतिपूर्ण युक्त्यांवर भिस्त न ठेवता साध्या, पडताळून पाहता येण्याजोग्या उपायांवर भर देणे इष्ट.

मुंबईसारख्या शहरात दोन खोल्यांच्या घरात कामाचे मेज आणि स्वयंपाकघर यांत अंतर कोठून आणावयाचे, हा प्रश्न रास्त आहे. कित्येक घरांत जेवणाचे मेज हेच कामाचे मेज असते. अशा वेळी अंतर जागेने नव्हे, तर क्रियेने निर्माण करता येते. खाण्याचे डबे पारदर्शक बरण्यांऐवजी झाकणाच्या डब्यांत, फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवावेत. दर्शनी भागी फळे ठेवावीत. जेवताना संगणक मिटून बाजूला ठेवावा, म्हणजे तेच मेज काही काळ जेवणाचे होते. आणि सर्वांत मोठे अंतर दुकानातच निर्माण होते. जी वस्तू घरात आणली नाही तिच्याशी रोज झगडावे लागत नाही. मोबाइलवर मागणी नोंदविताच काही मिनिटांत पदार्थ दारात येण्याची सोय झाल्यापासून हे अंतरही आक्रसले आहे. यास्तव भूक लागल्यावर मागणी करण्यापेक्षा आठवड्याचा जिन्नस एकदाच यादी करून आणण्याची जुनी रीत अधिक हिताची आहे.

अंतराचा दुसरा अर्थ शरीराच्या हालचालीशी निगडित आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वजन अधिक असलेल्या प्रौढांनी बसण्याच्या काळात दर २० मिनिटांनी २ मिनिटे चालल्यास खाल्ल्यानंतरची रक्तशर्करा व इन्सुलिन ही दोन्ही कमी राहतात, असे आढळले. म्हणून चाळा म्हणून खाण्याची इच्छा झाली की दोन मिनिटे गच्चीत किंवा जिन्यावर फेरी मारणे हा उपाय दुहेरी लाभाचा आहे. त्यामुळे खाण्याचे निमित्त टळते, आणि खाल्लेल्याचा निचराही बरा होतो.

वाटीमागचे कष्ट

या सर्व विवेचनात एक प्रश्न झाकला जाण्याचा धोका असतो. घरून काम करणाऱ्या पुरुषाचा चहा, दुपारचे गरम जेवण आणि चारचा उपाहार कोण करते? राष्ट्रीय कालविनियोग पाहणी, २०२४ नुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. घर हीच कचेरी झाली म्हणजे घरातील स्त्रीच्या स्वयंपाकघराला मात्र मधली सुटी उरत नाही. 'जरा काहीतरी खायला कर' ही मागणी दिवसातून तीन वेळा होऊ लागली, तर आरोग्याच्या नावाखाली एकाचा भार दुसऱ्यावर टाकल्यासारखे होते.

ती स्त्री स्वतःही घरूनच नोकरी करीत असेल, तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. तिच्या बाबतीत अतिखाण्याइतकाच धोका जेवण टळण्याचा असतो. सर्वांचे झाल्यावर उभ्या-उभ्या दोन घास, मधेच चहा-बिस्किट आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपविणे, असा तिचा आहार होतो. पोट भरते, परंतु प्रथिने, लोह आणि भाजी-फळे यांची उणीव राहते. आहाराची कोणतीही योजना घरातील सर्वांच्या ताटाचा आणि सर्वांच्या कष्टाचा एकत्र विचार करीत नसेल, तर ती टिकत नाही.

घरीच डबा

या सर्व अडचणींवर एक साधा उपाय असा की, घरी राहूनही डबा भरावा. सकाळी मुलांचा शाळेचा डबा भरतानाच घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचा डबा भरून ठेवावा, आणि तो ज्याचा त्याने भरावा. त्यात पोळी किंवा भाकरी, भाजी, उसळ किंवा घट्ट वरण आणि कोशिंबीर असावी. दुसऱ्या लहान डबीत चारच्या खाण्यासाठी एक फळ आणि फुटाणे किंवा दाण्यांची मूठ असावी. मग दुपारी ठरलेल्या वेळी, शक्य तर घरातील सर्वांनी एकत्र बसून, संगणक मिटून डबा उघडावा. अशा रीतीने भुकेपूर्वी ठरलेले माप, ठरलेली वेळ आणि स्वयंपाकघरापासूनचे अंतर, हे तिन्ही गुण परत मिळतात; आणि दुपारभर चूल पेटती ठेवण्याचे कारणही उरत नाही.

डब्यात काय असावे यासाठी २०२४ सालच्या मार्गदर्शनातील २००० उष्मांकांचे ताट आधारभूत धरता येईल. त्यात दिवसाला धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण सांगितले आहे. सामान्य मराठी ताटाशी तुलना केल्यास बहुधा पोळी-भात अधिक आणि भाजी-कडधान्य कमी असल्याचे दिसते. तेव्हा प्रथम उसळीची वाटी मोठी आणि भाताची मूद लहान करणे, एवढा एकच बदल पुष्कळ उपयोगी पडतो. दुपारच्या जेवणात प्रथिने व चोथा पुरेसा असेल, तर चार वाजताची वखवखही सौम्य होते.

काही व्यक्तींना हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी काही औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींना दोन जेवणांमधील खाणे अचानक बंद करणे धोक्याचे ठरू शकते. गर्भवती स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि वजन कमी असलेल्या व्यक्ती यांनाही मधले खाणे आवश्यक असते. अशांनी आपल्या वैद्याच्या सल्ल्याने वेळा ठरवाव्यात.

सारांश, घरून काम करणाऱ्याच्या आहाराचा प्रश्न हा मुख्यतः मोहाचा नसून मर्यादेचा आहे. कचेरीने, मधल्या सुटीने आणि डब्याने ज्या मर्यादा न सांगता घालून दिल्या होत्या, त्या आता घराने समजून-उमजून घालून घ्यावयाच्या आहेत. बैठ्या शरीराची भूक स्वतःहून पुरेशी आवरत नाही आणि भारतीय देहाला या बाबतीत फारशी सवलत नाही, हे ध्यानात घेतले, तर सकाळी पाच मिनिटे खर्चून भरलेला एक डबा हे क्षुल्लक कर्मकांड न वाटता आरोग्याचे एक स्वस्त आणि सर्वांस साध्य असे साधन वाटू लागेल.